पवनचक्कीचा दर विचारण्याआधी

ढालगावच्या माळावरच्या किंवा चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या बघून आलेली माणसं दुकानात येतात आणि विचारतात, "तसलीच छोटी एक आमच्या गच्चीवर बसवली तर केवढ्याला पडेल?" दर आम्ही सांगतोच. पण त्याआधी हा कागद वाचायला देतो.

वाऱ्याचा हिशेब उन्हासारखा सरळ नाही. वेग दुप्पट झाला की वीज आठपट होते आणि वेग निम्म्यावर आला की वीज आठव्या हिश्श्यावर येते. दोन मीटर व्यासाचा पंखा धरा. सेकंदाला 4 मीटर, म्हणजे ताशी साधारण 14 किलोमीटरचा वारा असेल, तर त्यातून जेमतेम 30-35 वॅट मिळतात. असा वारा दिवसरात्र न थांबता वाहिला तरी चोवीस तासांत एक युनिटही भरत नाही. एक किलोवॅटचं सोलर आपल्याकडे उन्हाच्या दिवसांत रोज चारेक युनिट देऊन जातं. तोच वारा 8 मीटरचा झाला, तर मात्र तोच पंखा अडीचशे वॅटच्या पुढे जातो.

म्हणूनच मोठ्या चक्क्या चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या सड्यांवर उभ्या आहेत. समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर, आजूबाजूला झाड नाही की घर नाही, आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा थेट अंगावर. त्या संथ फिरताना दिसतात, पण पात्याचं टोक ताशी 200 किलोमीटरच्या पुढे पळत असतं.

गच्चीवरचा वारा वेगळा. शेजारच्या इमारती, पाण्याच्या टाक्या, नारळाची झाडं यांना आपटून तो भोवऱ्यासारखा फिरतो. पंख्याला तोंड कुठं करावं तेच कळत नाही. आमची पहिली चक्की आम्ही आमच्याच दुकानाच्या गच्चीवर चढवली होती. वीज किती मिळाली ते विचारू नका. स्लॅब मात्र रात्रभर घुमायचा आणि खालचे भाडेकरू सकाळी जिन्यात गाठायचे. महिन्याभरात उतरवली. तेव्हापासून ठोकताळा एकच: 500 फुटांच्या आत जे काही सर्वांत उंच असेल, त्याच्याही वर 30 फूट पंखा गेला पाहिजे. शहरात हे जमत नाही. वस्तीपासून लांब, माळावरच्या शेतात जमू शकतं. तिथं खांब 10 मीटरऐवजी 20 मीटरचा घेतला तर वेग साधारण 10 टक्के वाढतो, पण वीज 30 टक्क्यांच्या वर वाढते. खांबावर पैसे घाला असं आम्ही सांगतो ते त्यासाठी.

आषाढात वारा पाहून चक्की घेऊ नका. जून ते सप्टेंबर जोर असतो, दिवाळीच्या सुमारास पानही हलत नाही. आम्ही शेतात वेगमापक लावून ठेवतो आणि पावसाळ्याचे व कोरडे असे दोन्ही आकडे तुमच्यापुढे मांडतो. आकडे कमी आले तर चक्की विकत नाही, सोलर सुचवतो. चांगले आले तर दोन्ही जोडून बॅटरीवर घ्यावं: ढगाळ दिवसांत पॅनेल मंदावतं तेव्हा वारा हात देतो. सोबत अर्थिंग चोख हवं, कारण माळावर उंच खांब म्हणजे विजेला आमंत्रण. दरवर्षी मृगाच्या आधी बोल्ट आणि खांबाचे तणावे तपासून घ्या.

दोन गोष्टी नेहमी विचारल्या जातात. चक्क्या ढग पळवतात का? नाही. पाती ढगांना ढकलत नाहीत. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा इथं एकही चक्की नव्हती. दुसरं, डोक्यावर चक्क्या असून गावात लाईट का जाते? त्या विजेचा दाब वाढवून ती उपकेंद्रातून सगळ्यांच्या जाळ्यात जाते, थेट गावाच्या डीपीवर उतरत नाही. राग येणं साहजिक आहे, पण तारांची रचनाच तशी आहे.

दुकानात येताना मागच्या बारा महिन्यांची लाईटबिलं आणा. जागेच्या मध्यभागी उभं राहून चारही दिशांचे फोटो काढा, झाडं पूर्ण दिसतील असे. विहिरीवर पंप असेल तर त्याचा एचपी लिहून आणा.