पी०१७१ : सेन्सर बदलण्याआधी

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजमध्ये स्कॅनर जोडतात, कोड येतो, आणि कोडशी ज्या सेन्सरचा संबंध दिसेल तो बदलला जातो. आठवड्याभरात दिवा पुन्हा हजर. पैसे जातात आणि चांगला सेन्सर भंगारात जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं. इंजिनच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, कुठला आकडा पटला नाही एवढंच कोड सांगतो. तो का पटला नाही, हे माणसाला शोधावं लागतं.

पेट्रोल गाड्यांमध्ये नेहमी भेटणारा पी०१७१ घ्या. मिश्रण ‘लीन’ आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, असं तो सांगतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण बिघडलं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धूर नीट शुद्ध करू शकत नाही. म्हणून धुराच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो. बॉशचा असा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत प्रथम आला. त्यातलं झिर्कोनिया नावाचं सिरॅमिक ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की ऑक्सिजनचे आयन त्यातून सरकू लागतात, आणि बाहेरच्या हवेतला व धुरातला ऑक्सिजन यांच्या फरकातून व्होल्टेज तयार होतं. मिश्रण लीन असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, पेट्रोल जास्त असेल तर ०.९ च्या आसपास. ते पाहून ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. बहुतेक गाड्यांत ती पेट्रोल वाढवण्याच्या बाजूला २०-२५ टक्क्यांच्या पुढे टिकून राहिली की पी०१७१ नोंदला जातो.

म्हणजे इथे ऑक्सिजन सेन्सर बहुधा खरंच बोलत असतो. जास्तीची हवा येते कुठून, हा खरा प्रश्न.

त्याचं उत्तर ट्रिमच्या आकड्यांतच दडलेलं असतं, आणि ही चाचणी मला फार आवडते. आधी आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, ट्रिम बघा, मग इंजिन २५०० आरपीएमवर धरून बघा. आयडलला ट्रिम खूप वर आणि आरपीएम वाढवल्यावर खाली आली, तर इनटेक मॅनिफोल्डजवळचा, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांजवळचा, एखादा होज किंवा गॅस्केट हवा ओढतंय. आयडलला इंजिन मुळातच थोडी हवा घेतं, त्यामुळे चोरट्या हवेचा वाटा मोठा ठरतो. उलट, वेग आणि भार वाढताना ट्रिम वाढत गेली, तर फ्युएल पंप कमकुवत असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा एअरफ्लो सेन्सरच्या तापत्या तारेवर धूळ बसली असेल. धुळीच्या थरामुळे तारेची उष्णता हवेत कमी जाते, सेन्सर हवा कमी मोजतो, आणि पेट्रोलही कमी सोडलं जातं. अशा वेळी त्याच कामासाठी मिळणाऱ्या क्लीनर स्प्रेनेच भागू शकतं.

एक्झॉस्टला ऑक्सिजन सेन्सरच्या आधी चीर असेल, तर बाहेरची हवा आत खेचली जाते. मिश्रण ठीक असतं, तरी सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो. जुन्या गाडीत ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, भरल्यावरही ट्रिम काही टक्के चढते, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि १४.७ चं गणित जवळपास १३.५ वर येतं.

सेन्सर खरोखर बिघडतात, पण तेव्हाही आधी तार तपासावी. मे महिन्यात नागपुरात स्कॅनर कूलंटचं तापमान उणे ४० अंश दाखवत असेल, तर कनेक्टर सुटलाय, तार तुटलीय किंवा सेन्सर आतून तुटलाय. पावसाळ्यात उंदीर वायरिंग कुरतडतात, हे आपल्याकडे नित्याचंच आहे. सेन्सर दोन तारांचा असेल, तर प्लग काढून त्याची दोन्ही टोकं तारेच्या तुकड्याने जोडावीत. स्कॅनरवरचं तापमान एकदम खूप वर गेलं, तर वायरिंग आणि ईसीयू ठीक आहेत. मग मात्र सेन्सर बदलावा.

दिवा लुकलुकत असेल, तर यातलं काही करत बसू नये. मिसफायरमुळे, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण नीट न पेटल्यामुळे, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळू शकतो, तेव्हा गाडी सुरक्षित जागी थांबवावी.

कोड घाईने पुसू नये. बिघाड नोंदला गेला त्या क्षणीचा आरपीएम, तापमान, भार हे सगळं ‘फ्रीझ फ्रेम’मध्ये साठवलेलं असतं आणि कोडबरोबर तेही जातं. आधी त्याचा फोटो काढून ठेवावा. दुरुस्ती बरोबर झाली असेल, तर दोष न आढळलेल्या सलग तीन ड्राइव्ह सायकलनंतर, म्हणजे गाडी सुरू करून, चालवून बंद करण्याच्या तीन फेऱ्यांनंतर, ईसीयू दिवा आपणहून बंद करतो.