मराठी पीडीएफमधला फॉन्ट: परवान्यांची पार्श्वभूमी

ठाण्यातल्या कित्येक गृहनिर्माण संस्थांची देखभालीची बिले आता सॉफ्टवेअरमधून पीडीएफ होऊन थेट सभासदांच्या मोबाइलवर येतात. त्यातले इंग्रजी रकाने नीट उमटतात आणि मराठीच्या जागी चौकोन दिसतात, याचे मूळ १९९३ पर्यंत मागे जाते. अ‍ॅडोबीने त्या वर्षी पीडीएफ आणले, तेव्हा टाइम्स, हेल्व्हेटिका व कुरिअर यांचे बारा प्रकार आणि चिन्हांचे दोन फॉन्ट फाइल उघडणाऱ्या सॉफ्टवेअरकडे असणारच, असे धरले होते. देवनागरी त्यांत नव्हती. म्हणून इंग्रजी बिल फॉन्ट न जोडताही निभावले. मराठी बिलात मात्र फॉन्ट एम्बेड करण्यावाचून, म्हणजे फाइलमध्येच जोडण्यावाचून, गत्यंतर नव्हते, आणि दुसऱ्याने घडवलेला फॉन्ट आपल्या फाइलमध्ये घालायचा म्हटल्यावर परवानगीचा प्रश्न आलाच.

ही परवानगी ट्रूटाइप या प्रचलित स्वरूपाच्या फॉन्टमध्येच ‘एफएसटाइप’ नावाच्या आकड्याने नोंदवलेली असते: ० म्हणजे मोकळीक, २ म्हणजे मनाई, ४ म्हणजे केवळ पाहणे व छापणे, ८ म्हणजे संपादनासह वापर. सॉफ्टवेअर हा आकडा वाचते. परंतु शेवटचा शब्द परवान्याच्या कराराचा असतो, आणि कार्यालयातल्या एका संगणकासाठी घेतलेला परवाना सर्व्हरवरून अनेक संस्थांची बिले काढायला पुरेलच असे नाही. विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट उचलून लिनक्स सर्व्हरवर ठेवण्याची मुभाही विंडोजचा परवाना देत नाही. माझ्या मते फॉन्टचा करार सॉफ्टवेअरचे काम हाती घेतानाच वाचायला हवा.

२००५ हे वर्ष इथे महत्त्वाचे आहे. दीर्घकालीन जतनासाठीच्या पीडीएफ/ए मानकाने सर्व फॉन्ट एम्बेड करणे बंधनकारक केले, आणि तेही कायदेशीरपणे एम्बेड करता येणारेच. त्याच वर्षी एसआयएल या भाषाविषयक संस्थेचा ओपन फॉन्ट लायसन्स हा मुक्त परवाना आला. या परवान्याच्या अटी फॉन्ट वापरून तयार केलेल्या दस्तऐवजाला लागू होत नाहीत, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ आणि गूगलचा ‘नोटो’ हे फॉन्ट आज याच परवान्याखाली मिळतात.

फॉन्ट मोकळा मिळाला, तरी ‘दुरुस्ती निधी’ हे दोनच शब्द पुरेशी परीक्षा घेतात. ‘नि’मधली वेलांटी टंकलेखनात ‘न’नंतर आणि कागदावर त्याच्या आधी येते, ‘स्ती’मधल्या अर्ध्या ‘स’ला युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, स्वतंत्र क्रमांकच नाही. म्हणून अक्षरजुळणी आधी उरकून मगच फॉन्टमधल्या लागणाऱ्या अक्षराकृती निवडाव्या लागतात, आणि त्यांचा मूळ मजकुराशी दुवा फाइलमध्ये नोंदवला नाही, तर बिल सुंदर छापले जाते, पण त्यात ‘दुरुस्ती’ शोधल्यास सापडत नाही.