टेनिस बघायला आलेले राजे: जुन्या फोटो-प्रिंटची पार्श्वभूमी

टेनिस बघणाऱ्या राजघराण्यांचा जुना वृत्तपत्री फोटो, त्याच्या पाठीवर टाइप केलेली चिठ्ठी, आणि तीत ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’. बेरार म्हणजे वऱ्हाड. वऱ्हाडात हे वाचणारा पहिला प्रश्न करतो तो असा, की आपल्याकडे कोणती गादी होती? नव्हती. १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने दिला. १९३६ च्या करारात निजामाचं नावापुरतं स्वामित्व मान्य झालं आणि त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. हा युवराज म्हणजे हैदराबादचे आझम जाह, आणि चिठ्ठीतली प्रिन्सेस म्हणजे त्यांची बेगम दुर्रुशेहवार, शेवटच्या उस्मानी खलिफाची मुलगी. लग्न १९३१ चं, फ्रान्समधल्या नीस शहरातलं. या किताबाची चिठ्ठी १९३६ च्या आधीची असू शकत नाही. फोटो मात्र आधी काढलेला असू शकतो, कारण वृत्तसंस्था जुनी निगेटिव्ह पुन्हा छापून नवी चिठ्ठी डकवत.

इंग्रज राजघराण्याच्या फोटोंनाही किताबाची हीच किल्ली लागते. ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ १९०१ ते १९१० या काळात जॉर्ज, म्हणजे पुढचा पाचवा जॉर्ज, तर १९१० ते १९३६ एडवर्ड. ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ १९०१ पर्यंत जॉर्ज आणि १९२० ते १९३६ आल्बर्ट, म्हणजे पुढचा सहावा जॉर्ज. १९०७ मध्ये विम्बल्डन बघायला गेलेला प्रिन्स ऑफ वेल्स त्यामुळे दाढीवाला जॉर्ज आहे, देखणा एडवर्ड नव्हे. ही गफलत फार होते.

राजे टेनिसलाच इतके का टिपले गेले? १९०४ पासून लंडनचा ‘डेली मिरर’ फोटोंवरच चालू लागला आणि छायाचित्रांची भूक वाढली. टेनिसचा सामना दिवसाउजेडी, बैठक ठरलेली, माणसं तासन् तास जागेवर. काचेच्या जड प्लेटवर काम करणाऱ्याला याहून सोयीची जागा नव्हती. अडचण एकच: कोर्ट उन्हात आणि शाही कक्ष छपराखाली. चेहरे काळवंडत. म्हणून वृत्तपत्रांच्या प्रिंटवर गालाला, टोपीच्या कडेला पांढऱ्या रंगाचे बारीक फटकारे मारलेले असतात. उजेडात प्रिंट तिरपी धरली की ते दिसतात. त्यांना डाग समजून पुसू नका. ती छपाईखान्याची खूण आहे, तशीच चित्र कुठे कापायचं ते दाखवायला मेणपेन्सिलीने आखलेली रेघही.

स्थळ ओळखायला सोपं आहे. १९२२ च्या आधी विम्बल्डन वॉर्पल रोडला होतं. त्या वर्षी पाचव्या जॉर्जच्या हस्ते चर्च रोडचं नवं मैदान सुरू झालं. १९१९ चा लाँग्लेन आणि लॅम्बर्ट चेंबर्स यांचा महिला एकेरीचा अंतिम सामना राजा-राणीने पाहिला तो जुन्या जागी, त्यामुळे त्या सामन्याची चिठ्ठी असलेल्या फोटोत चर्च रोडचं स्टेडियम दिसलं तर चिठ्ठी चुकीची. दुसरी एलिझाबेथ राणी म्हणून विम्बल्डनला चारदाच गेली: १९५७, १९६२, १९७७ आणि २०१०. अल्थिया गिब्सनला करंडक देतानाची ती १९५७ ची, व्हर्जिनिया वेडला देतानाची १९७७ ची.

एक पारख आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते. १९२६ मध्ये ड्यूक ऑफ यॉर्क लुई ग्रेगसोबत पुरुष दुहेरी खेळले आणि पहिल्याच फेरीत हरले. ते डावखुरे होते. रॅकेट उजव्या हातात दिसली तर निगेटिव्ह उलटी ठेवून छापली आहे का ते तपासा. प्रेक्षकांतल्या पुरुषांचे कोट बघा: वरच्या खिशातला रुमाल त्यांच्या डाव्या छातीवर हवा, बटणं उजव्या बाजूला. तिथेही उलटापालट असेल तर प्रिंट नक्की उलटी आहे.

आता कागद. दहापट भिंगातून बघितल्यावर ठिपक्यांची जाळी दिसली तर ते मासिकातलं पान किंवा छापील कार्ड, फोटो नाही. मागे-पुढे प्लास्टिकचा थर असलेला कागद साधारण १९७० च्या पुढचा. नोटा तपासायची यूव्ही बॅटरी अंधारात मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर तो १९५० च्या आसपासचा किंवा नंतरचा, मग चित्रातला राजा कोणताही असो. न चमकण्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही. बाजारात ‘व्हिंटेज’ म्हणतात ते निगेटिव्ह काढल्याच्या जवळपासच्या काळात केलेल्या प्रिंटला, जुन्या निगेटिव्हवरून काल केलेल्या प्रिंटला नव्हे.

काठाला आरशासारखी निळसर झाक आली असेल तर ती फोटोतलीच चांदी आहे. दमट हवेत चांदीचे कण पृष्ठभागावर येतात. घासू नका. पिवळे-तपकिरी पट्टे बहुधा हायपोचे, म्हणजे चित्र पक्कं करायच्या रसायनाचे: तासभर वाहत्या पाण्यात धुवायचा कागद अंकाच्या घाईत लवकर काढला जाई, आणि उरलेला हायपो वर्षानुवर्षे चित्र खात राहतो.

आपल्याकडचं हवामान या कागदाला फार कठीण. मे महिन्यात ४५ अंशांत चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर सुकून प्रिंटची सुरळी होते, पावसाळ्यात तोच फुगून काचेला चिकटतो. डेझर्ट कूलरच्या झोतासमोरची भिंत सगळ्यांत वाईट. जुन्या सागवानी चौकटीच्या पाठीला खोक्याची फळी असेल तर लाकडातल्या आम्लाने गाठीच्या आकाराचा तपकिरी डाग फोटोवर उतरतो. फळी काढून आम्लरहित पुठ्ठा घाला. सुरळी झालेली प्रिंट जोर लावून उघडली की जिलेटिनला आडव्या भेगा पडतात. काचेला चिकटलेली ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. लॅमिनेशन आणि चिकट पानांचे अल्बम नकोतच. कडुनिंबाचा पाला ठेवायची रीत चांगल्या मनाची, पण पाल्याचा डाग पडतो. कसर आणि उधई टाळायला पत्र्याची पेटी विटांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.

पाठीवरची चिठ्ठी सुटायला आली असली तरी सोडवू नका, पुन्हा डकवूही नका. आधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. पुसट शिक्क्यासाठी बॅटरी बाजूने तिरपी धरा. मग प्रिंट आम्लरहित पाकिटात घाला. पाकिटावर लिहायचं ते प्रिंट आत जाण्याआधी, आणि मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब आतल्या चेहऱ्यावर उमटतो.