खटका पडतो, गिअर पडत नाही

पुतणीची सायकल एकवीस गिअरची आहे. म्हणजे पुढे तीन चक्र्या आणि मागे सात. नागपूरहून जुन्यात घेतलेली ही सायकल गावापासून तालुक्याच्या शाळेपर्यंत रोज धावते आणि त्या वाटेचा पहिला तुकडा पांदणीचा आहे. पावसाळा संपल्यावर तिने तक्रार आणली ती अशी : “काकाजी, खटका वाजते, पण गेर पडत नाही. अन् पडला त मंग टिकत नाही.” एका दुकानात तिला शिफ्टर, म्हणजे हँडलवरची गिअर बदलणारी यंत्रणा, गेला, नवा बसवा, असे सांगण्यात आले होते. मीही आधी तसेच समजलो. तिच्या दोन वाक्यांत दोन निरनिराळे बिघाड आहेत आणि त्यांपैकी एकाचाच शिफ्टरच्या झिजेशी संबंध आहे, हे सायकल चांगली खोलून बसल्यावरच ध्यानात आले.

हँडलवर बोटाखाली जो ‘खट्’ असा आवाज होतो, तो साखळीचा नव्हे. साखळी तिथून बरीच लांब असते आणि ती कोणत्या चक्रीवर आहे याची शिफ्टरला काहीही खबर नसते. शिफ्टरच्या पोटात तार गुंडाळणारी एक लहान चकती असते, तिच्या कडेला करवतीसारखे दाते असतात आणि एक छोटा लोखंडी तुकडा स्प्रिंगच्या जोराने त्या दात्यांत जाऊन अडकतो. फ्रीव्हील खोलणारे कारागीर अशा तुकड्याला ‘कुत्ता’ म्हणतात. काम तेच असल्यामुळे तो शब्द येथेही चालेल. कुत्ता एका दात्यावरून पुढच्या दात्यात पडला की आवाज होतो आणि तार ठरावीक मापाने ओढली जाते किंवा सुटते. ती तार दुसऱ्या टोकाला डिरेलरला, म्हणजे साखळी इकडून तिकडे सरकवणाऱ्या मागच्या यंत्रणेला, बांधलेली असते. खटका हे फक्त मापाचे वचन आहे. ते पाळले जाते की नाही, हे वाटेतल्या प्रत्येक वस्तूवर अवलंबून राहते.

माप किती? शिमानो या कंपनीच्या पद्धतीच्या सात गिअरच्या मागच्या चक्र्या एकमेकींपासून सुमारे ५ मिलिमीटरवर असतात. त्या पद्धतीचा डिरेलर तारेच्या ओढीच्या सुमारे १.७ पट सरकतो. म्हणून शिफ्टरने एका खटक्यात साधारण २.९ मिलिमीटर तार ओढली, तर साखळी बरोबर शेजारच्या चक्रीसमोर येते. तारेत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, की साखळीपाशी ती जवळजवळ एक मिलिमीटरची होते. एवढी चूक कशीबशी खपते, कारण डिरेलरचे वरचे छोटे चाक मुद्दाम आडवे थोडे सैल ठेवलेले असते आणि साखळी दात्यांवर आपली जागा आपणच शोधते. चूक याहून वाढली की साखळी दोन चक्र्यांच्या मध्ये कुरकुरत बसते.

जपानमधल्या साकाई शहरातील शिमानो कंपनीने १९८४ मध्ये आपल्या ड्युरा-एस या वरच्या दर्जाच्या संचात ही खटक्याची पद्धत आणली. त्याआधीच्या बहुतेक सायकलींत शिफ्टरची दांडी नुसत्या घर्षणाने जागेवर राहत असे. सायकलस्वार ती अंदाजाने सरकवायचा, साखळीची कुरकुर ऐकायचा आणि आवाज थांबेपर्यंत दांडी मागेपुढे करायचा. त्या व्यवस्थेत तार थोडी सैल असली तरी कान आणि बोट मिळून चूक सावरून घेत. खटक्याच्या पद्धतीने ही जबाबदारी माणसाकडून काढून तारेकडे, आऊटरकडे (तारेभोवतीच्या लवचीक नळीकडे) आणि डिरेलरकडे दिली. सोय मोठी झाली यात शंका नाही, पण सोयीची किंमत अशी की आता प्रत्येक दुवा मापात असावा लागतो. आमच्याकडे गिअरच्या कितीतरी सायकली एकाच गिअरवर कायमच्या बांधून टाकलेल्या दिसतात, त्याचे मूळ मला येथे दिसते.

बिघाड शोधताना पाना हातात घेण्यापूर्वी चूक कोणत्या स्वभावाची आहे, हे पाहावे. सातही गिअर सारखेच थोडे थोडे चुकत असतील, तर तारेचा ताण कमीजास्त झालेला आहे. डिरेलरमध्ये तार जिथून शिरते तिथे हाताने फिरणारी लहान नळी असते. ती उलटी फिरवून बाहेर काढली की तार ताणली जाते. पाव फेऱ्यात तारेचा ताण साधारण ०.२ मिलिमीटरने बदलतो, म्हणून पाव पाव फेराच फिरवावा. एका टोकाचे गिअर नीट पडतात आणि दुसऱ्या टोकाकडे जाताना चूक वाढत जाते, असे असेल तर डिरेलर जिथे लटकतो ती पट्टी वाकलेली असण्याचा संभव अधिक. सायकल उजव्या कुशीवर पडली किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तुरीच्या पोत्यांखाली दबली की हे हमखास होते. सायकलच्या मागे बसून पाहिले की डिरेलरची दोन छोटी चाके चक्र्यांच्या रेषेत उभी आहेत की आत झुकलेली, हे डोळ्यांनाही कळते. शिफ्टरच्या झिजेची खूण या दोहोंपेक्षा वेगळी असते. ती एखाद्याच खटक्यापाशी दिसते, बाकीचे गिअर बिनतक्रार चालतात.

सर्वांत फसवी असते ती एका दिशेची चूक. लहान चक्रीवरून मोठीवर जाताना गिअर लगेच पडतो, पण मोठीवरून लहानीवर येताना खटका वाजूनही साखळी तिथेच राहते आणि दहावीस पॅडल मारल्यावर अचानक खाली येते. पुतणीची पहिली तक्रार हीच होती. मोठ्या चक्रीकडे जाताना तार अंगठ्याच्या जोराने ओढली जाते, तर परतीला डिरेलरच्या स्प्रिंगचाच काय तो आधार. अंगठा घर्षणावर मात करतो, स्प्रिंगला ते जमत नाही. म्हणून परतीचा गिअर रेंगाळत असेल तर शिफ्टरवर आळ घेण्याआधी तारेचा मार्ग तपासावा.

या घर्षणाचे गणित शेतकऱ्याला हाताच्या अनुभवाने ठाऊक असते. बुजलेल्या बैलाचे दावे खुंट्याला दोन वेढे देऊन धरले, तर एकटा माणूस बैलाला थोपवतो. वेढ्यांबरोबर पकड बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने वाढते. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने या नियमाची मांडणी केली. सायकलच्या तारेलाही वेढे असतातच : हँडलपाशी एक वळण, पॅडलच्या बुडाशी एक आणि मागे डिरेलरकडे जाताना अर्धवर्तुळ, सगळे मिळून जवळपास एक पूर्ण फेरा. आऊटर स्वच्छ असून घर्षणांक ०.१ धरला, तर एका टोकाची ओढ दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत निम्म्याहून थोडी अधिक उरते. माती शिरून घर्षणांक ०.३ झाला, तर तिचा साडेसहावा हिस्साच शिल्लक राहतो, आणि तेवढ्या ओढीने वाळलेल्या चिखलातून तार सरकत नाही.

चिखलाबद्दल थोडे जास्त लिहावे लागेल, कारण आपली काळी माती या कामी विशेष वाईट आहे. बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेल्या या मातीत पाणी पिऊन फुगणारे चिकणखनिज भरपूर असते आणि त्याचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात. गिअरची तार साधारण १.२ मिलिमीटर जाड असते आणि तिच्याभोवतीची फट काही दशांश मिलिमीटरची. तिथे हा कण पाण्याबरोबर आरामात शिरतो. तार पॅडलच्या बुडाखालच्या प्लास्टिकच्या पन्हळीतून जाते, तिथे पांदणीचा चिखल थेट उडतो आणि ऊन लागले की विटेसारखा घट्ट होतो. पुतणीच्या सायकलीतली ती पन्हळ मी खिळ्याने खरवडली, तेव्हा तारेच्या आकाराचा नाला पडलेला एक अखंड काळा तुकडा हातात आला. मागच्या अर्धवर्तुळाचा तळ हीदेखील पाणी साठण्याची जागा आहे.

तपासणीची रीत सोपी आहे. मागचे चाक उचलून पॅडल फिरवत साखळी सर्वांत मोठ्या चक्रीवर न्यावी, पॅडल थांबवावे आणि न फिरवता शिफ्टर सर्वांत लहान चक्रीच्या खटक्यावर आणावा. तार सैल पडते आणि आऊटरची टोके चौकटीवरच्या खाचांतून अलगद निघतात. मग आऊटर बोटांत धरून तारेवर वरखाली सरकवावा. तो आपल्या वजनाने घसरला पाहिजे. करकरत असेल किंवा एखाद्या जागी अडत असेल, तर दोष सापडला.

आमच्या सायकलीत याहून मोठा दोष निघाला : मागचा आऊटर ब्रेकचा होता. खेड्यातल्या दुकानात गिअरचा आऊटर सहसा नसतो आणि दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून हा बदल सर्रास होतो. ब्रेकच्या आऊटरमध्ये पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. ताण आला की तिचे वेढे दबतात आणि वळण बदलले की तिची लांबी बदलते. ब्रेकला त्याने फरक पडत नाही. गिअरच्या आऊटरमध्ये मात्र तारा लांबीच्या दिशेने सरळ घातलेल्या असतात, कारण तिथे मिलिमीटरचा हिशेब असतो. गिअरचा आऊटर कधीही ब्रेकला लावू नये, कारण ब्रेकच्या जोराने तो उसवू शकतो. उलट चूक जीवावर बेतत नाही, गिअर तेवढे बेभरवशाचे होतात.

तार आणि आऊटर बदलल्यावर परतीचे गिअर मार्गी लागले. दुसरी तक्रार, गिअर टिकत नसल्याची, तशीच राहिली. आता शिफ्टर उघडणे भाग होते.

जुन्या शिफ्टरचा कुत्ता दात्यात पडत नसेल, तर तो झिजलाच असेल असे नाही. बऱ्याचदा तो चिकटलेला असतो. ग्रीस म्हणजे साबणासारख्या धाग्यांच्या जाळीत धरलेले तेल. वर्षे गेली आणि नवतप्याची उन्हे लागली, की तेल निघून जाते, काही हवेतल्या प्राणवायूने घट्ट होते आणि मागे उरतो तो मेणचट थर. कुत्त्याची स्प्रिंग केसासारखी नाजूक असल्याने ती त्याला या थरातून ढकलू शकत नाही. उपाय असा की थोडे रॉकेल सोडावे, दांडी शंभरेक वेळा चालवावी, घाण पुसून घ्यावी, पुरते वाळू द्यावे आणि शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब घालावेत. पेट्रोल वापरू नये. आगीचा धोका आहेच, शिवाय काही प्लास्टिके त्याने खराब होतात. घरातली तेलेही टाळावीत. जवसाचे तेल हवेत वाळून पापुद्रा धरते, म्हणून तर ते रंगात वापरतात. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठते, म्हणजे जानेवारीच्या सकाळी शिफ्टर बर्फीसारखा घट्ट होईल.

धुऊनही खटका टिकत नसेल, तर माप घ्यावे. आम्ही शिफ्टर हँडलवरून सोडवून बाजेच्या खुराला घट्ट आवळला, बाज भिंतीला उभी केली, तार खाली सोडली आणि तिच्या टोकाला पाण्याची एक लिटरची बाटली बांधली, म्हणजे एक किलोचे वजन झाले. तारेवर पेनाने रेघ मारली, मागे शाळेची फूटपट्टी टेकवली. पहिल्या खटक्यात गाठींची ढील निघते, म्हणून तो मोजला नाही. पुढचे सगळे खटके तीन मिलिमीटरच्या किंचित आत भरले. फूटपट्टीवर याहून बारीक वाचता येत नाही, पण त्याची गरजही पडली नाही. मग पुतणीने दुसरी बाटली बांधली. सहा, पाच आणि मग चार : चारवर रेघ वर आली, क्षणभर थांबली आणि आपोआप पाचच्या जागी खाली उतरली. पुन्हा केले, पुन्हा तेच झाले. पाचवरून लांब दाबून एकदम तीनवर नेले, तर तिथे ती दोन्ही बाटल्यांसह ठाम राहिली.

झाकण काढून टॉर्च मारला. बाकीच्या दात्यांच्या कडा सुरीसारख्या होत्या, त्या एका दात्याची कड नखासारखी गोल झाली होती. सपाट रस्त्यावर सर्वांत जास्त वापर मधल्या गिअरचा होतो, त्यामुळे झीजही तिथेच आधी होते. गोल झालेल्या कडेवरून कुत्ता हलक्या ताणाला टिकतो. तारेचा ताण वाढला, खड्ड्याचा धक्का बसला, की घसरतो. हा दाता कानसीने धारदार करण्याचा मोह होतो, परंतु कड मागे सरकली की माप बदलते आणि दोन गिअर बिघडतात. झिजलेल्या दात्याला दुरुस्ती नाही. शिफ्टर बदलावा लागतो.

नवा घेताना मागच्या चक्र्यांची संख्या जुळणे पुरेसे नाही, कारण खटक्याला किती तार ओढायची हे कंपनीगणिक वेगळे असते. स्रॅमचे बरेच शिफ्टर एका खटक्यात चार मिलिमीटरहून अधिक ओढतात आणि शिमानोच्या डिरेलरबरोबर ते साखळीला दुसऱ्याच चक्रीवर नेऊन टाकतात. खटक्याविना चालणारी साधी घर्षणाची दांडी मिळाली तर ती कोणत्याही डिरेलरबरोबर चालते, आणि पांदणीच्या सायकलीला मी तीच सुचवीन. पुतणीला ती पसंत नाही; तिला खटका हवा आहे. नवा शिफ्टर येईपर्यंत तिने पट्टी चिकटवून चारचा आकडा झाकला आहे आणि पाचवरून दांडी लांब दाबून ती थेट तीनवर जाते.