गॉस्पेल गाणी गुलामगिरीच्या काळातली आणि अनामिक?

गॉस्पेल म्हणजे अमेरिकेतल्या गुलामांनी शेतात गायलेली गाणी, ती कोणी रचली कोणालाच माहीत नाही, असं फॉरवर्डमध्ये नेहमी येतं. गोंधळ होणं साहजिक आहे कारण गॉस्पेल आणि स्पिरिच्युअल्स, दोन्ही कृष्णवर्णीय लोकांची ख्रिस्ती भक्तिगीतंच. पण गुलामगिरीतली ती स्पिरिच्युअल्स, आणि गुलामगिरी 1865 मध्ये संपली. आज ज्याला गॉस्पेल म्हणतात ते मुख्यतः 1930 च्या आसपास शिकागोत घडलं, आणि त्याला रचणारी, नाव असलेली माणसं आहेत.

त्यातला सगळ्यात मोठा रचनाकार थॉमस डॉर्सी आधी ब्लूज (कृष्णवर्णीयांचं धार्मिक नसलेलं, बऱ्याचदा दुःखाचं गाणं) गाणाऱ्या गायिकेला पियानोवर साथ करायचा, जॉर्जियातल्या धर्मोपदेशकाचा मुलगा. त्याची चाल ऐकून कित्येक चर्चनी सुरुवातीला नकारच दिला, ही तर बारमधली गाणी म्हणून, मग तो छापील नोटेशन स्वतः विकायचा. 1932 मध्ये बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं, आणि त्या दुःखातून ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं आलं. अशा गाण्याला अनामिक म्हणणं मला फार लागतं.

चेक करायचं असेल तर गाण्याचं छापील नोटेशन काढा, वर उजवीकडे बघा. स्पिरिच्युअल असेल तर बहुतेक वेळा ‘पारंपरिक’ लिहिलेलं असतं, गॉस्पेल असेल तर रचनाकाराचं नाव, आणि खाली कॉपीराइटचं वर्ष.