दाढेचा आकार नक्की ठरवतं कोण, जीन्स की जबडा?

माणसाच्या गर्भात दात घडायला साधारण सहाव्या आठवड्यात सुरुवात होते, जबड्याचं हाड तेव्हा जेमतेम तयार व्हायला लागलेलं असतं. वरचा पेशींचा थर आधी जाड होतो, मग खालच्या मऊ टिश्यूत घुसतो, त्याची कळी होते, कळीची टोपी आणि टोपीची घंटा. दाढेवर जे उंचवटे असतात, ज्यांना डेंटिस्ट लोक कस्प म्हणतात, ते या घंटेच्या आतल्या थराला घड्या पडून तयार होतात आणि त्यावर मग इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, चढतं. एकदा चढलं की विषय संपला, कारण इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात बाहेर येईपर्यंत टिकतच नाहीत, पुढे फक्त झीज. त्यामुळे सगळा खेळ त्या घड्या कुठे पडतात याचा आहे.

आता घड्या म्हटलं की ढकलाढकली आलीच. विल्हेल्म हिस या जर्मनीत काम करणाऱ्या स्विस शरीररचनातज्ज्ञाने १८७४ मध्येच मांडलं होतं की एक भाग जास्त वाढतो, शेजारचा कमी वाढतो, म्हणून थर वाकतात आणि अवयवांना आकार येतो. अर्न्स्ट हेकेल या नावाजलेल्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने त्याची रीतसर टर उडवली. १९१७ मध्ये डार्सी थॉम्पसन या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञाने वाढ आणि बल यावर अख्खा ग्रंथ लिहिला, कौतुक भरपूर झालं पण गर्भाचा अभ्यास करणाऱ्यांचं रोजचं काम काही त्याने फारसं बदललं नाही.

दातांच्या बाबतीत तर उलटच झालं. शर्ली ग्लासस्टोनने केंब्रिजला १९३० च्या दशकात न जन्मलेल्या पिल्लांचे दातांचे अंकुर जबड्यातून काढून बाहेर वाढवून दाखवले, आणि त्यांना कस्प आले! नंतर तिने अंकुर कापून दोन तुकडे केले तर प्रत्येक तुकडा आपापला दात घडवायला लागला. प्रयोग भारीच होते, पण त्यातून निष्कर्ष असा रुजला की दाताला स्वतःचं सगळं कळतं, जबडा म्हणजे नुसती राहायची जागा.

१९९४ मध्ये हेलसिंकीत युक्का येर्नवाल, इर्मा थेसलेफ आणि मंडळींनी इनॅमल नॉटचं कोडं सोडवलं. ही पेशींची छोटीशी गाठ, स्वतः विभाजित होत नाही पण एफजीएफ-४ नावाच्या प्रथिनासारखे सिग्नल सोडून आजूबाजूच्यांना वाढायला लावते, म्हणजे मधलं जागेवर राहतं, बाजूचं वाढत खाली जातं आणि टोक उभं राहतं. मग काय, सगळं लक्ष सिग्नल आणि जीन्सकडे. खरं तर इथेही आकार येतो तो असमान वाढीमुळेच, म्हणजे हिस म्हणत होता तेच, पण श्रेय मिळालं सिग्नल देणाऱ्या रेणूंना.

बलाकडे लक्ष परत वळायला २०११ उजाडलं. बोस्टनच्या डोनाल्ड इंगबर यांच्या गटाने दाखवलं की दाताच्या अंकुराखालच्या पेशी दाटीवाटीने एकत्र येतात, आणि त्या दाबल्या जाण्यानेच पॅक्स-९ नावाचा दातांसाठी महत्त्वाचा जीन चालू होतो. म्हणजे जीन हुकूम देतो आणि टिश्यू ऐकतं एवढं सरळ नाहीये ते.

पण माझ्या मते खरी मजा २०१७ च्या कामात आहे, तेही हेलसिंकीचंच. उंदराच्या दाढेत कस्पच्या जोड्या समोरासमोर असतात, पण बँक व्होल नावाच्या उंदरासारख्याच छोट्या प्राण्याच्या दाढेत त्या मागेपुढे सरकलेल्या, नागमोडी. व्होलची दाढ जबड्याबाहेर वाढवली तर ती नागमोड गायब! मग त्यांनी वाढत्या अंकुराला दोन्ही बाजूंनी चक्क बारीक ब्रेसेस लावल्या, म्हणजे रुंदीत पसरायला जागा नाही, आणि त्या लावल्यावर उंदराच्या साध्या दाढेतसुद्धा कस्प मागेपुढे सरकले. जीन्स उंदराचेच, फक्त जागा अडवली.

इतकी वर्षं हे दिसलं का नाही? कारण अभ्यास बहुतेक उंदरावर आणि तोही जबडा काढून टाकून, त्यात समोरासमोरच्या कस्पना जबड्याच्या भिंतीची तशी गरजच नाही. अर्थात याचा अर्थ जबडाच दाढ घडवतो असा कोणी घेऊ नये. कस्प मुळात तयार होणं हे दाताच्या स्वतःच्याच हातात आहे, ते एकमेकांसमोर बसणार की सरकून बसणार एवढाच भाग प्रामुख्याने शेजारच्या हाडावर सोपवलेला दिसतो, आणि सस्तन प्राण्यांच्या उत्क्रांतीत नेमका हाच भाग वारंवार बदललेला आहे.