तीन शंकू आणि परतीची वाट

डोळ्यांवर व्हीआरचा, म्हणजे आभासी जग दाखवणारा, हेडसेट चढवायचा. समोर मोकळं मैदान आणि त्यात एक उंच शंकू. चालत त्याच्यापाशी जायचं. पोचलात की तो नाहीसा होतो आणि दुसरीकडे दुसरा उगवतो, मग तिसरा. तिसऱ्यापाशी पोचल्यावर सूचना येते: पहिला शंकू जिथे होता, तिथे परत जा. आता शंकू कुठेच दिसत नाही. किती चाललो, कुठे वळलो, याचा जो हिशोब शरीराने आपसूक ठेवलाय, त्यावरच भिस्त.

केंब्रिजमध्ये डेनिस चॅन आणि सहकाऱ्यांनी ही चाचणी 'माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट' म्हणजे एमसीआय असलेल्या ४५ आणि निरोगी ४१ जणांवर केली. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. एमसीआयमध्ये विस्मरण वयाच्या मानाने जास्त असतं, पण रोजचे व्यवहार बहुतांशी स्वतःचे स्वतः जमतात. अशा लोकांचा अंदाज जास्त चुकला, यात नवल नाही. पण त्यांच्यातही ज्यांच्या मणक्यातल्या द्रवात अल्झायमरची रासायनिक चिन्हं सापडली होती, ते इतर एमसीआयवाल्यांपेक्षा अधिक चुकले. हा फरक ओळखण्यात नेहमीच्या कागदी चाचण्या मागे पडल्या.

असं का व्हावं? अल्झायमरमध्ये टाऊ प्रथिनाच्या गाठी अगदी आधी दिसतात त्या मेंदूच्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स या भागाच्या परिसरात. हा क्रम ब्राक दांपत्याने १९९१ मध्ये मांडला. याच भागात मोझर दांपत्याला २००५ मध्ये उंदरांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या जमिनीवर त्रिकोणी जाळं आखल्यासारख्या ठरावीक अंतरांवर चेततात. मेंदूच्या शेजारच्याच हिप्पोकॅम्पस या भागात विशिष्ट जागी आल्यावरच चेतणाऱ्या पेशी जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्येच दाखवल्या होत्या. २०१४ चं नोबेल या तिघांना मिळालं. थोडक्यात, आजार वाट शोधणाऱ्या यंत्रणेलाच आधी गाठतो.

मग हीच यंत्रणा सरावाने टिकवता येईल का? लंडनचे टॅक्सीचालक परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करतात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवलं की त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. बर्लिनमध्ये मार्टिन लोव्हडेन यांच्या गटाने विशीतल्या आणि साठीतल्या पुरुषांना चार महिने ट्रेडमिलवर चालत एका आभासी प्राणिसंग्रहालयात वाटा शोधायला लावल्या. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचं आकारमान टिकून राहिलं. नुसतं चालणाऱ्यांचं मात्र वयानुसार घटलं.

फक्त ही सगळी माणसं निरोगी होती. एमसीआय असलेल्यांवरचे प्रयोग बहुतेक छोटे आहेत, आणि त्यांत सुधारतं ते मुख्यतः सरावलेलं कामच. आभासी गल्ल्या पाठ झाल्या म्हणून खरा बाजार सापडेलच असं नाही. मेंदूच्या खेळांचं ॲप विकणारे हे सांगत नाहीत. 'ल्युमोसिटी'च्या कंपनीला तर फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले.

मला यातला खरा पेच वेगळा वाटतो. वाट दोन प्रकारे लक्षात राहते. एक म्हणजे मनातला नकाशा. तो हिप्पोकॅम्पसचा प्रांत. दुसरी सवयीची साखळी: देवळापाशी डावीकडे, पुढे मेडिकलच्या दुकानाशी उजवीकडे. ती मेंदूच्या कॉडेट नावाच्या दुसऱ्याच भागावर विसंबते. ढासळत्या नकाशावर मेहनत घ्यायची, की शाबूत साखळी पक्की करायची? चारच वाटांनी बाहेर पडणाऱ्या आजोबांसाठी मी दुसरा मार्ग निवडेन, आणि त्यांच्याच रस्त्यांचं ३६० अंशांतलं चित्रीकरण वापरेन. रहदारीची धास्ती न बाळगता एकच वळण हवं तितक्या वेळा घ्यायची सोय हेडसेटमध्ये आहेच. मात्र शरीर स्थिर आणि दृश्य हलतं, असं झालं की मळमळतं. डोळे झाकलेल्या माणसाचा तोलही जाऊ शकतो, म्हणून शेजारी कुणीतरी हवंच.

आणि हेडसेट विकत घेण्याआधी डॉक्टर. ओळखीच्या भागात वाट चुकणं हे तपासणीचं कारण आहे. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांमुळेही असंच विस्मरण होतं, आणि त्यांवर आजच उपचार आहेत.